गोठणगावचे पाहुणे

१९५४ च्या उन्हाळ्यात भंडाऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा होता. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, सर्वसाधारण जागेवर समाजवादी अशोक मेहता. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. त्या प्रचारात बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावरही तोफ डागली होती. धान आणि तलावांच्या या मुलखात, तापलेल्या उन्हात, लोकांसमोर परराष्ट्र धोरण! आणि त्याच सुमारास, २९ एप्रिलला, भारत-चीन यांच्यात तिबेटविषयीचा करार झाला, ज्याच्या प्रस्तावनेतून ‘पंचशील’ जगभर गेले. ऑगस्टमध्ये राज्यसभेत बाबासाहेब पुन्हा बोलले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन आपण चीनची सरहद्द आपल्या दारात आणून ठेवली, असा त्यांचा रोख होता.

पुढे अठरा वर्षांनी, १९७२ मध्ये, त्या ल्हासाकडची माणसे याच भंडारा जिल्ह्यात राहायला आली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावला त्यांची वसाहत वसली. तिबेटी नाव नोर्गेलिंग. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तालुका तिकडे गेला, पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि दप्तरात ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे.

तिथे जाताना आणि येताना गाडीत जी वादावादी झाली ती पुढे देतो आहे. मामाजी पवनीकडचे, शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची नागपूर खंडपीठात वकिली करते. मी मागच्या सीटवर होतो आणि मला कोणी काही विचारत नव्हते.

मामाजी : बाबासाहेब बरोबर होते, हे १९६२ मध्ये कळलं. आपल्या जवाहरनगरचा दारूगोळ्याचा कारखाना काऊन आला? चीनने मारलं म्हणून आला. ६४ साली उभा झाला. म्हणजे ‘भाई-भाई’ची पावती भंडाऱ्यालाही मिळालेली आहे.

भाची : पण ५९ मध्ये दलाई लामांना नेहरूंनीच आसरा दिला ना? ३१ मार्चला ते सीमा ओलांडून आले, एप्रिलमध्ये नेहरू स्वतः मसुरीला जाऊन त्यांना भेटले.

मामाजी : दिला. आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांत तिबेटचा ठराव आला तेव्हा आपण तटस्थ राहिलो. आसरा द्यायचा, भांडण अंगावर घ्यायचं नाही. यात मला काही चुकीचं दिसत नाही.

भाची : मग पुढचं पण सांगा जी. ५९ ला तटस्थ, ६१ ला तटस्थ, आणि ६५ ला ठरावाच्या बाजूने मत! त्या सहा वर्षांत ल्हासातल्या माणसाचं दुःख वाढलं म्हणून का? आपलं दुःख वाढलं म्हणून. चीन आपला मित्र असेपर्यंत तिबेटी माणसाचे मानवी हक्क ही चीनची घरगुती बाब होती. आपल्याला मार बसला आणि ती जगाची बाब झाली. २००३ मध्ये वाजपेयी बीजिंगला गेले, तिबेट हा चीनचाच भाग, असं आपण लिहून दिलं, आणि विषय परत घरगुती झाला.

मामाजी : असंच असते पोरी. देश काही अनाथाश्रम नाही. श्रीलंकेचं पाहा. जिनिव्यात मानवी हक्क परिषदेत २०१२ आणि २०१३ मध्ये आपण त्यांच्या विरोधात मत दिलं, २०१४ मध्ये तटस्थ झालो. काऊन? ज्यादा बोललो तर कोलंबो चीनच्या मांडीवर जाऊन बसते. तिथल्या तमिळ माणसाचं भलं करायचं असेल तर कोलंबोशी बोलणं चालू पाहिजे.

भाची : तटस्थ राहून तमिळ माणसाचं भलं झालं का, हे कोणी मोजलं?

मामाजी : विरोधात मत देऊन झालं का, हे तरी कोणी मोजलं?

इथे मला दोघांचेही पटले, आणि अशा वेळी मागच्या सीटवर बसणे सोयीचे असते. साकोली मागे पडली होती. नवेगावचे जंगल सुरू झाले की या भागात माणूस आपोआप हळू बोलतो. हे दोघे अपवाद.

वसाहत पाहून निघालो तेव्हा भाचीचा मुद्दा तिथल्या कागदांवर आला. एका तिबेटी बाईंनी आपली नोंदणीची वही आणि पिवळ्या मुखपृष्ठाचे ओळखपत्र दाखवले होते. त्यांना सगळे ‘आरसी’ आणि ‘आयसी’ म्हणतात. आरसी म्हणजे विदेशी माणसाच्या नोंदणीचा दाखला. तो ठरलेल्या मुदतीत नव्याने करून घ्यावा लागतो. आयसी हे पासपोर्टच्या जागी चालणारे प्रवासाचे पुस्तक. परदेशी जाऊन परत यायचे तर पूर्वी त्यावर ‘नोरी’चा शिक्का लागे, म्हणजे भारतात परतायला हरकत नसल्याचा. बाई जन्मल्या याच तालुक्यात. मराठी आमच्यापेक्षा अस्सल झाडीपट्टीची बोलतात. हिवाळ्यात स्वेटरच्या दुकानाला शहरात जातात, पावसाळ्यात धानाच्या बांधीत. आणि वहीत त्या विदेशी.

भाची : १९५० ते १ जुलै १९८७ या काळात जो भारतात जन्मला तो जन्माने भारतीय. आई-बाप कोण, हे कायदा विचारत नाही. तरी तिबेटी मुलांना पासपोर्ट मिळत नव्हता. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर हिच्या प्रकरणात सांगितलं की ही भारतीय आहे. २०१६ मध्ये परत सांगितलं. मग २०१७ मध्ये सरकारने अटी काढल्या. पासपोर्ट पाहिजे तर आरसी-आयसी जमा करा, वसाहतीत राहू नका, तिबेटी प्रशासनाच्या सवलती सोडा. म्हणजे हक्क पाहिजे असेल तर घर सोडा.

मामाजी : दोन्हीकडून खायला मिळणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. नागरिक व्हायचं तर नागरिकासारखं राहा. आणि त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतःच नागरिकत्व मागत नाहीत. तिबेटला परत जायची आस सुटू नये म्हणून विदेशी राहतात. तू वकील आहेस म्हणून तुला सगळ्यांनाच कागद पाहिजे असं वाटते.

भाची : न मागणं वेगळं, मागितल्यावर अडवणं वेगळं. मामाजी, आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केली नाही, ६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. देशात निर्वासितांसाठी कायदा नाही. विदेशी नागरिक कायदा होता १९४६ चा, इंग्रजांचा. २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा आला, त्यातही ‘निर्वासित’ असा वेगळा दर्जा नाही. तिबेटी लोकांना सूट आहे, पण ती सरकारी आदेशाने. त्यांच्या पुनर्वसनाचं २०१४ चं धोरण आहे, त्यात जमीन वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यावी असं म्हटलं आहे. धोरण! उद्या दुसरं धोरण आलं तर?

मामाजींनी यावर जे उत्तर दिले त्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

मामाजी : मी पवनीचा आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी आमच्याकडे गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं. त्याच वर्षी डिसेंबरात तेच राजीव गांधी बीजिंगला गेले, देंग साहेबांनी त्यांचा हात किती वेळ हातात धरला हे पेपरात आलं. मी शाळेत पोरांना दोन्ही शिकवलं. पण गोसेखुर्दमध्ये ज्यांची घरं गेली, शेत गेलं, त्यांची पोरं अजून मोर्चे काढतात. प्लॉट मिळाला तर पाणी नाही, मोबदला मिळाला तर जमीन नाही. हे लोक भारताचे नागरिक. सातबारा त्यांच्या नावावर होता. पुनर्वसनाचा कायदा त्यांच्यासाठी आहे. कोर्ट आहे, मत आहे. आणि तू मला सांग, कायदा असून आमच्या माणसाला जमीन नाही भेटली, अन् कायदा नसून तिबेटी माणसाला भेटली. मग तुझा कायदा कायले पाहिजे?

भाची बराच वेळ काही बोलली नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. हा प्रश्न परराष्ट्र खात्याला किंवा न्यायालयाला कोणी विचारत नाही, कारण तिथे धरणग्रस्त आणि निर्वासित हे दोन वेगळ्या टेबलांवरचे विषय आहेत. भंडाऱ्यात ते शेजारी राहतात. नागरिकाची जमीन धरणासाठी घेताना सरकारला फक्त खर्च दिसतो. दलाई लामांच्या माणसांना जमीन देताना त्याच सरकारला त्यात देशाचे वजन दिसले, चीनला दिलेला एक शब्दाविना निरोप दिसला. उदारता खोटी नव्हती. तिचा हिशेब वेगळ्या वहीत होता एवढेच.

वलिवड्याचीही गोष्ट अशीच. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वलिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते ४८ राहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदींनी वॉर्सात कोल्हापूरच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी दिलेला आसरा आज मुत्सद्देगिरीत कामाला येतो. मी हे सांगितले, तर मामाजी म्हणाले, “खर्च पोलिश सरकार करत होतं, अन् राज्य इंग्रजांचं होतं.” तेही खरे.

भाची : तुमच्या प्रश्नाचं उत्तर अरुणनगरमध्ये आहे. याच तालुक्यात अरुणनगर, गौरनगर ही बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून पळालेले लोक. तेसुद्धा सरकारनेच वसवलेले. १९६४ नंतर जे आले त्यांना बंगालमध्ये पुनर्वसन नाही, बंगालबाहेर जायला तयार असाल तर जमीन, असा नियम होता. म्हणून ते रायपूरजवळच्या माना छावणीतून, दंडकारण्यातून चंद्रपूर-भंडाऱ्याच्या जंगलात आले. ते नागरिक झाले, मत देतात. तरी बंगालमध्ये जे नमशूद्र अनुसूचित जातीत होते ते महाराष्ट्राच्या यादीत नाहीत, म्हणून जातीचा दाखला नाही. आणि आता बंगाली बोलणारा मजूर बाहेरगावी कामाला गेला की ‘बांगलादेशी आहेस का’ म्हणून विचारतात. म्हणजे एकाच तालुक्यात दोन शेजारी देशांतून आलेली माणसं. एकाला नागरिकत्व आहे पण संशय पाठ सोडत नाही. दुसऱ्याला मान आहे, सगळे दलाई लामांची माणसं म्हणून पाहतात, पण नागरिकत्व नाही. तुम्ही म्हणता, कायदा असून मिळत नाही. मी म्हणते, कायदा नसला की काय मिळेल हे माणसाच्या संकटावर ठरत नाही. कुठल्या देशातून पळालास आणि त्या वर्षी दिल्लीचं त्या देशाशी कसं होतं, यावर ठरते.

मामाजी : हे कबूल. पण म्हणूनच मी ७१ ची गोष्ट सांगतो. एक कोटी माणूस आला. एक कोटी! तेव्हा मी शाळकरी पोरगा. पत्रावर पाच पैशांचं जास्तीचं तिकीट लावायचं, निर्वासितांच्या मदतीचं. पोस्टमन ते तिकीट नसेल तर पत्र घ्यायला मागत नव्हता. आमच्या घरी एक पत्र टाकायचं तर आई म्हणे, चार ओळी जास्त लिही, पैसे जास्त गेले. तर हा एक कोटीचा प्रश्न कोणत्या कायद्याने सुटला? फौजेने सुटला. डिसेंबरात तेरा दिवसांत लढाई संपली आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेक लोक आपापल्या घरी गेले. निर्वासिताचा सगळ्यात मोठा हक्क म्हणजे परत जायचा. तो इंदिराबाईंनी दिला, जिनिव्याने नाही.

भाची : पण त्या आधी सहा-सात महिने बाई जगाला काय सांगत फिरल्या? हा पाकिस्तानचा अंतर्गत मामला राहिला नाही, तिथे माणसं मारली जात आहेत, हेच ना? निर्वासितांची मदत गोळा करायला संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था कामाला लावली होती. फौज पुढे गेली ती मानवी हक्कांची भाषा आधी बोलून झाल्यावर. आणि म्यानमारमध्ये? फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली, लोक पळून मिझोराममध्ये आले, आणि केंद्राने सीमेवरच्या राज्यांना लिहिलं की यांना आत घेऊ नका.

मामाजी : सोळाशे किलोमीटरची सीमा आहे. पलीकडे आपल्याच बंडखोरांचे तळ. आपण तिथे बांधतो तो कलादानचा रस्ता, सित्वेचं बंदर, सगळं तेव्हा त्या लष्कराच्या मर्जीवर होतं. जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांत आपण तटस्थ राहिलो ते उगीच नाही.

भाची : दिल्ली तटस्थ राहिली, मिझोराम राहिलं नाही. तिथल्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं की ही आमचीच रक्ताची माणसं आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. चर्चने, गावकऱ्यांनी जेवण दिलं. सरकार काय करते ते लिहा, पण लोक काय करतात तेही लिहा.

‘लिहा’ हे मला उद्देशून होते; एवढाच काय तो माझा सहभाग.

परतीच्या वाटेवर पुढे रोहिंग्यांचा विषय निघाला आणि सूर चढले. मामाजींचे म्हणणे सरळ होते : कायदा केला तर तो सगळ्यांसाठी करावा लागेल, आणि मग सीमेवर कोण येतो यावर दिल्लीचा हात राहणार नाही. भाचीने सर्वोच्च न्यायालयाचा ८ एप्रिल २०२१ चा आदेश सांगितला. समानतेचा आणि जीविताचा हक्क, म्हणजे अनुच्छेद १४ आणि २१, देशातल्या कुठल्याही माणसाला आहे. पण देशात राहण्याचा हक्क फक्त नागरिकाला आहे. म्हणून रोहिंग्यांना रीतसर पद्धतीने परत पाठवता येईल.

मामाजी : पाहा! तुझंच कोर्ट माझ्या बाजूने आहे.

भाची : अर्धं. ‘रीतसर’ म्हणजे काय, हे सांगणारा कायदाच नाही. १९९६ मध्ये त्याच कोर्टाने चकमा निर्वासितांच्या बाबतीत अरुणाचल सरकारला बजावलं होतं की त्यांच्या जिवाचं रक्षण करणं तुमचं काम आहे. मला सगळ्यांना ठेवून घ्या असं म्हणायचंच नाही. ज्याला हाकलायचं त्याचं आधी ऐकून घ्या. कोण, कुठून, परत गेला तर जिवाला धोका आहे का, एवढं एका माणसाने, एका टेबलावर, लिहून विचारावं. नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तुम्ही धर्म आणि तीन देश लिहून टाकले, ३१ डिसेंबर २०१४ ही तारीख लिहून टाकली. त्यात तिबेटी बौद्ध नाही, श्रीलंकेचा तमिळ हिंदू नाही. म्हणजे सताव झालेला शेजारी कोण, हे आधीच ठरलेलं.

मामाजी : तो कायदा फाळणीचं उरलेलं काम आहे, असं सरकार म्हणते. अरुणनगरवाल्यांच्या नातेवाइकांना त्याचा फायदाच आहे.

भाची : असेल. त्यांना होतो म्हणून मी विरोध करत नाही. बाकीच्यांना विचारतच नाही म्हणून करते. शशी थरूर यांनी आसऱ्याच्या कायद्याचं खासगी विधेयक दोनदा आणलं, २०१५ मध्ये आणि परत २०२२ मध्ये. काय झालं?

मामाजी : खासगी विधेयकांचं जे होते तेच. त्यावर कोणाचं मत अवलंबून आहे? शेख हसीना ५ ऑगस्ट २०२४ ला आल्या, त्यांना कोणी टेबलावर बसवून प्रश्न विचारले का? ढाका मागते, आपण देत नाही. राज्यकर्ता पाहुणा असेल तर त्याला कायदा लागत नाही.

भाची : हेच तर मी सकाळपासून सांगते आहे!

मामाजी हसले. ही त्यांची जुनी शिक्षकी खोड : पोरांकडून उत्तर काढण्यासाठी कधीकधी उलट बाजूने बोलायचे. पण प्रत्येक वेळी ते नाटक नसते, आणि पुढचे वाक्य तर नव्हतेच.

मामाजी : जुलै २०२५ मध्ये दलाई लामा नव्वद वर्षांचे झाले. आपल्यानंतरचा दलाई लामा आपलीच संस्था ठरवेल, असं त्यांनी सांगितलं. चीन म्हणते, मीच ठरवणार. आपल्या परराष्ट्र खात्याने काय सांगितलं? श्रद्धेच्या बाबतीत सरकार भूमिका घेत नाही. उद्या दोन दलाई लामा होतील, एक बीजिंगचा, एक इकडचा. त्या दिवशी गोठणगावच्या त्या बाईची वही कोण नवी करून देईल, याची मलाही काळजी वाटली. पण चीनसमोर हातातला पत्ता कोणी फेकत नसते, म्हणून त्यांना कोणी धक्का लावणार नाही.

भाची : पत्ता म्हणालात.

मामाजी : म्हणालो. पत्ता आहे तोवर हातात धरून ठेवतात, हेही म्हणालो.

भाची : अन् डाव संपला की?

लाखनीला चहा घेतला. तिथे मामाजींनीच विषय पुन्हा काढला.

मामाजी : तू तुझ्या निर्वासितांच्या कायद्याचा मसुदा कर. पण एक अट. त्याच्यावर पहिल्या शंभर सह्या गोसेखुर्दच्या धरणग्रस्तांच्या घेऊन ये. त्यांना समजावून सांग की तिबेटी माणसाला कागद मिळाल्याने तुमचा प्लॉट मागे पडत नाही. ते तुला पाणी पाजतील की हाकलतील, मला माहीत नाही. पण त्यांनी सही केली तर भंडारा-गोंदियाचा खासदार कोणत्याही पक्षाचा असो, त्याला दिल्लीत तोंड उघडावं लागेल.

भाची : येते रविवारी. मोर्च्यातले लोक तुमच्या ओळखीचे आहेत ना?

मामाजी : अर्धे माझे विद्यार्थी आहेत. पण मसुदा मराठीत आण. इंग्रजीत आणशील तर मी कोणासमोर वाचणार नाही.